‘रिझल्ट लागायचाय’ असं किती वर्षं सांगायचं? नोकरी नसलेल्या पोरांच्या आईबापांबद्दल

सेलूची_लेक

लिहू की नको असं दोन महिने चाललंय, शेवटी आज लिहिते. लांबेल, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ ३२ वर्षांचा आहे, मेकॅनिकलचा इंजिनियर. २०१६ च्या जूनमधे पुण्याला गेला राज्यसेवेची तयारी करायला, ‘दोन वर्षं बघतो’ म्हणून. नऊ वर्षं झाली. दोनदा मेन्सपर्यंत गेला, एकदा पीएसआयला एका मार्कानं राहिला, आणि तो एक मार्क अजून आमच्या घरात जेवायला बसतो आमच्यासोबत.

पण भावाबद्दल मला आज बोलायचंच नाहीये. त्याच्यावर बोलणारे ढिगानं आहेत, पेपरात येतं, मोर्चे निघतात, नेते अभ्यासिकेत येऊन फोटो काढून जातात. मला बोलायचंय नाना आणि आईबद्दल.

नाना एसटीत कंडक्टर होते, २०१९ ला रिटायर झाले. पेन्शन तीन हजार आणि काहीतरी. त्यात भागत नाही म्हणून ६४ व्या वर्षी एका कापड दुकानात हिशोब लिहायला जातात. दर महिन्याच्या तीन तारखेला पुण्याला नऊ हजार जातात, कॉट बेसिसची खोली, मेस, अभ्यासिका. त्या पैशांची नानांची एक वही आहे. आयुष्यभर वेबिल, म्हणजे तिकिटांचा हिशोब, लिहिलेला माणूस, एका रुपयाची खाडाखोड नाही, तारीख, रक्कम, कशासाठी, सगळं. मागच्या महिन्यात माहेरी गेले तेव्हा ती वही हातात आली. नऊ वर्षांची पानं भरलीत पण बेरीज कुठेच मारलेली नाही. एकाही पानाखाली. ज्या माणसानं मुक्कामी गाडीतसुद्धा बॅटरीच्या उजेडात बेरीज मारल्याशिवाय पाठ टेकली नाही, त्यानं.

आईला पहाटे तीनला जाग येते ती येतेच. आधी अंगण झाडायची, आता नुसती बसून राहते अंधारात. लग्नपत्रिका आली की टीव्हीच्या मागे सारून ठेवते, नानांना दिसू नये म्हणून, आणि नाना ती काढून वाचून परत तिथेच ठेवतात. लग्नाला जात कुणीच नाही. नाना आधी सहाला दूध आणायला डेअरीवर जायचे, तिथं त्यांची चार माणसं जमायची. आता साडेसातला जातात, गर्दी ओसरल्यावर. कारण एकच, कुणीतरी विचारतं ‘पोरगं काय करतंय सध्या?’ आणि नानांचं उत्तर ठरलेलं, ‘रिझल्ट लागायचाय.’

नऊ वर्षं एकच उत्तर. माझं म्हणणं असं की बेकारीनं आईबाप जेवढे खचत नाहीत तेवढे या उत्तरानं खचतात. पोरगं तिकडं त्याच्यासारख्याच शंभर जणांत असतं, इकडं हे दोघं त्याच्या वतीनं रोज एकटे उत्तर देतात. बीपीच्या गोळ्या एकाच्या दोन झाल्या. यावर कुणी बोलतं का? की आईबाप म्हणजे नुसते पैसे पाठवणारे?

निवृत्त_शाखाधिकारी

ताई, कडू वाटेल पण सांगतो. नऊ हजार बंद करा, पुढच्या महिन्यापासून. तीन महिन्यांत काहीतरी काम धरतोय की नाही बघा. माझ्या मुलाचं मी हेच केलं. एम.कॉम. होऊन अडीच वर्षं ‘बँकिंग’ चालू होतं, म्हणजे दुपारी उठायचं आणि रात्री मोबाईल. एक दिवस सांगितलं, जेवण आहे, छप्पर आहे, खिशाला एक रुपया नाही. आता सांगलीत मार्केट यार्डात एका अडत्याकडे अकाउंट्स बघतो, चौदा हजारावर लागला होता, आज पंचवीस घेतो. तुमच्या वडिलांना डॉक्टरची गरज नाही, ‘नाही’ म्हणायची गरज आहे. मानसिक आरोग्य वगैरे शब्द आमच्या वेळी नव्हते, माणसं कामाला लागायची.

कोरा_कागद

मी तुमच्या भावासारखाच आहे ताई, फक्त बुलडाण्याचा. वय ३१. त्यामुळे मला हे वाचून काय वाटलं असेल ते राहू द्या.

आधी काकांना उत्तर. काका तुमच्या वेळी माणसं कामाला लागायची कारण कामं होती. २०२३ ला तलाठी भरती निघाली, ४६४४ जागा, अर्ज दहा लाखांवर. फी एक हजार, राखीवला नऊशे. आणि निकालात २०० पैकी २१४ मार्क पडलेला उमेदवारसुद्धा आम्ही बघितला, नॉर्मलायझेशन म्हणे, वेगवेगळ्या शिफ्टचे मार्क एका पातळीवर आणायचे. २०२४ ला पोलीस भरतीत १७,४७१ पदं आणि अर्ज साडेसतरा लाखांच्या पुढे. यात इंजिनियर होते, एमबीए होते, सगळे शिपाई व्हायला पळत होते, तेही पावसाळ्यात. या सगळ्यांचे बाप नाही म्हणायचं विसरले म्हणून झालं का हे?

परीक्षांचं म्हणाल तर मार्च २०२१ ला एमपीएससीची पूर्व परीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुढे ढकलली, पुण्यात शास्त्री रोडवर आम्ही रस्त्यावर बसलो तेव्हा कुठे आठवड्यानं घेतली. २०२४ ला २५ ऑगस्टची पूर्व, आयबीपीएसचा, म्हणजे बँक भरतीचा, पेपर त्याच दिवशी, परत आंदोलन, परत पुढे, झाली ती थेट १ डिसेंबरला. त्यात मेन्सचा पॅटर्न बदलून वर्णनात्मक. आम्ही पाच वर्षं वाया घालवली असं लोक म्हणतात तेव्हा त्यातली दीड दोन वर्षं नुसती वाट बघण्यात गेलीत हे कुणी धरत नाही. आणि गंमत म्हणजे सरकारी सर्वेत काम शोधत असेल किंवा करायला तयार असेल त्यालाच बेरोजगार धरतात, ‘अभ्यास करतोय’ सांगितलं की मी त्यात बसेनच असं नाही. म्हणजे मी धड बेरोजगारसुद्धा नाही!

आता ताई तुम्हाला. तुम्ही म्हणता पोरगं तिकडं शंभर जणांत असतं. असतं, पण रात्री साडेआठला आईचा फोन येतो ना, तेव्हा एकटंच असतं. माझी आई फोनवर अभ्यासाचं विचारत नाही. तीन वर्षांपूर्वी विचारायची, आता बंद केलं. ‘जेवलास का, भाजी कसली होती, पाऊस आहे का तिकडं.’ चार मिनिटं. तिनं ओरडावं असं वाटतं मला. ती ओरडत नाही म्हणजे तिनं आशा सोडली हे मला कळतं, आणि मला कळलंय हे तिला कळतं, आणि तरी आम्ही वांग्याच्या भाजीवर बोलतो. तुमच्या भावाला नानांची वही माहितीये असं मला वाटतं. आमच्यापैकी प्रत्येकाला माहिती असते.

खवचट_काकू

वांग्याच्या भाजीवर चार मिनिटं बोलता येतं हेच मुळात कौतुकास्पद आहे.
(माफ करा, रडू येत होतं म्हणून लिहिलं.)

निवृत्त_शाखाधिकारी

@कोरा_कागद, आकडे मला नका सांगू, आकड्यांतच ३४ वर्षं काढली. दहा लाखांतून साडेचार हजार लागणार हे दिसतंय ना? मग उरलेल्या नऊ लाख पंच्याण्णव हजारांत आपण असू हे गृहीत धरून दुसरी सोय का करत नाही कुणी? बँकेत असताना लोन देताना पहिलं विचारायचो, धंदा बुडाला तर फेडणार कशातून. हा प्रश्न आपल्या पोरांना विचारायला आईबाप लाजतात. लाजतात आणि मग बीपी वाढवून घेतात.

डीएड_२००९

काका दुसरी सोय केली की काय होतं ते मी सांगतो.

मी डीएड. २००७ ला बारावी झाली तेव्हा गावात डीएडचं वारं होतं, दोन वर्षं करा, गुरुजी व्हा. बापानं पाऊण एकर विकली डोनेशनसाठी. २००९ ला पास झालो, पुढं २०१२ पासून शिक्षक भरती ठप्प. शिक्षक व्हायच्या परीक्षा सीईटी झाली, टीईटी झाली, मागाहून टेट झाली, भरतीचं पवित्र पोर्टल आलं, मी मात्र त्याआधीच २०१५ ला निर्णय घेतला की बास. तालुक्याला झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान टाकलं. ज्या तलाठी भरतीचं तुम्ही बोलताय ना दादा, तिचे सहाशे सातशे फॉर्म मी माझ्या हातानं भरलेत. घर चालतं, बायको आहे, एक पोरगी आहे, कर्ज नाही.

तरी माझा बाप आजही पाहुण्यांना सांगतो, ‘थोरल्याचं काही जमलं नाही.’ माझ्यासमोर. मी त्यांना चहा देत असताना.

म्हणजे मुद्दा बेकारीचा नाहीच ओ. आमच्याकडं नोकरी म्हणजे सरकारी, बाकी सगळं ‘सध्या काहीतरी करतंय’. मी महिन्याला तीस पस्तीस हजार पाडतो, गावातला वीस हजारावरचा कंत्राटी ऑपरेटर ‘साहेब’ आणि मी ‘झेरॉक्सवाला’. बापाला झोप लागत नाही म्हणून परवा डॉक्टरकडं नेलं, डॉक्टरनं विचारलं कसलं टेन्शन आहे, तर म्हणाला ‘पोरगं घरी आहे.’ मी गाडी चालवून त्याला तिथं घेऊन आलो होतो, माझी गाडी, माझं पेट्रोल. आता या आजाराला माझ्या बेकारीचं नाव द्यायचं का?

ताई, राग मानू नका, पण आईबापांच्या मानसिक आरोग्याची जबाबदारी पोरांवर टाकण्याआधी त्यांच्या डोक्यातली नोकरीची व्याख्या कुणी घातली ते बघा. जमीन विकायला मी नव्हतं सांगितलं, मी सतरा वर्षांचा होतो.

सेलूची_लेक

@डीएड_२००९ दादा राग कसला, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. पण मी जबाबदारी टाकत नाहीये हो. मला एवढंच म्हणायचंय की नानांचंही कुणीतरी ऐकावं. त्यांच्या डोक्यात ती व्याख्या घातली कुणी? ते स्वतः २७ व्या वर्षी एसटीत लागले त्या दिवसापासून गल्लीत त्यांना ‘अहो’ म्हणायला लागले, आधी ‘अरे’ म्हणायचे. हे त्यांनी स्वतः सांगितलंय. एका बिल्ल्यानं माणसाचा अरेचा अहो होतो हे ज्यानं स्वतः बघितलंय, तो पोराला झेरॉक्सचं दुकान टाक कसा म्हणेल?

@निवृत्त_शाखाधिकारी काका, पैसे बंद करायचं मी आईला बोलले होते एकदा. ती म्हणाली, ‘मग त्यो फोन तरी कशाला उचलंल.’

दुसरी_मुलगी

सगळे पोरगा पोरगा करताय म्हणून मधे पडते. मुलीला नोकरी नसली तर तिला बेरोजगार म्हणतात का कुणी? नाही. तिच्यासाठी स्थळं बघतात.

मी एम.एस्सी., सेट म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा पास. तीन वर्षं तासिका तत्त्वावर एका कॉलेजात शिकवलं. तासाला पैसे, सुट्टीला पैसे नाहीत, परीक्षेच्या काळात नाहीत, मार्चला शिकवलेल्याचे दिवाळीला मिळाले तर मिळाले. मग कार्यभार कमी झाला म्हणून तेही गेलं. बाबांना काही फरक पडला नाही, खरंच नाही पडला, त्यांच्या लेखी मी ‘लग्नाची’ होते, नोकरी वरचं लोणचं. खचली ती आई. कारण एम.एस्सी.ला पाठवायचं भांडण तिनं घरात एकटीनं लढलं होतं, आजी आणि दोन काकांच्या विरोधात, आणि आता सगळे तिला ऐकवतात ‘शिकवून काय केलं, वय वाढवलं.’ माझी बेकारी माझ्या नावावर जमाच नाही, ती आईच्या खात्यावर टाकली सरळ.

तिचे गुडघे दुखायला लागले, मग पाठ, मग डोकं. सगळे एक्सरे नॉर्मल. मग बाबा म्हणाले हिला लक्ष वेधून घ्यायची सवय लागलीये.

तर ताई तुमचा मुद्दा मला मान्य आहे पण अर्धाच. ‘आईबाप’ असा एक शब्द करून चालत नाही. तुमच्या पोस्टमधेसुद्धा नानांच्या वहीवर सात ओळी आहेत आणि आई अंधारात बसते त्यावर दीड.

सेलूची_लेक

बरोबर आहे. लागलं मला हे, पण बरोबर आहे.

तालुक्याचा_डॉक्टर

मी तालुक्याला जनरल प्रॅक्टिस करतो, मानसोपचारतज्ज्ञ नाही, हे आधीच सांगतो. पण इथे जे वाचतोय ते रोज ओपीडीत बसलेलं असतं. पंचावन्न ते सत्तरमधला माणूस ‘मला उदास वाटतं’ असं सांगत येत नाही. तो येतो अ‍ॅसिडिटी घेऊन, छातीत धडधड घेऊन, हातापायाला मुंग्या घेऊन. ईसीजी नॉर्मल, मी दोन प्रश्न विचारतो. झोप किती वाजता मोडते, आणि मुलं काय करतात. पहिल्याचं उत्तर लगेच येतं, तीन साडेतीन. दुसऱ्याला बाई नवऱ्याकडे बघते आणि नवरा माझ्या कॅलेंडरकडे.

पहाटे अवेळी जाग येणं आणि परत न लागणं, आवडीची कामं सुटणं, माणसं टाळणं, हे महिनोन्‌महिने चालू असेल तर ते ‘वय झालं’ नाही. आईंना दाखवा. आधी थायरॉईड, बी१२, शुगर बघून घ्या कारण त्यानंही असंच होतं. मेडिकलमधून झोपेची गोळी परस्पर आणू नका, हे लोक सर्रास करतात आणि मग ती सुटत नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथं फुकटात होतं. तेही जमत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा नंबर आहे, केंद्र सरकारचा, २०२२ पासून चालू, दिवसरात्र, मराठीत बोलतात, पैसे नाहीत.

आता थोडं विरोधात. नाना २०१९ ला रिटायर झाले, त्याच सुमारास तुम्ही लग्न होऊन गेला असाल, मग कोविड. चाळीस प्रवाशांशी रोज बोलणारा माणूस एका दिवसात गप्प बसवला. यातलं कितीतरी मुलाला नोकरी असती तरी झालंच असतं. पण रिटायरमेंटचं दुःख सांगता येत नाही, ‘पोराचं काही होत नाही’ हे सांगता येतं, म्हणून सगळी दुःखं त्या एका खुंटीला टांगली जातात. मी असे बाप बघितलेत ज्यांचा मुलगा नोकरीला लागला, पेढे वाटले, आणि झोप तरी आली नाही. खुंटी गेली, कपडे जमिनीवर.

कोरा_कागद

डॉक्टर, हे कुणीतरी मला पाच वर्षांपूर्वी सांगायला पाहिजे होतं.

निवृत्त_शाखाधिकारी

डॉक्टरसाहेब, मुद्दा पटला थोडा. पण याचा अर्थ मुलं मोकळी असा कुणी काढू नये.

ठाणे_ते_टेक्सास

इथे एमपीएससीची चर्चा चालू आहे, माझं जरा वेगळं पण लिहितो. मी आयटीत, अमेरिकेत. ले ऑफ झाला. एच१बीवर, म्हणजे तिथल्या कामाच्या व्हिसावर, नोकरी गेली की ६० दिवस असतात, तेवढ्यात दुसरा जॉब नाहीतर सामान आवरा. मी बायकोच्या व्हिसावर आलो म्हणून राहिलो, पण काम करता येईना. ठाण्याला आईबाबांना सांगितलं नाही. चार महिने दर रविवारी व्हिडिओ कॉलला इस्त्रीचा शर्ट घालून बसायचो, मागे लॅपटॉप उघडा ठेवून. म्हटलं बाबांना स्टेंट आहे, कशाला टेन्शन.

त्यांना कळलं मावसभावाकडून. बाबा नोकरी गेली यावर एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, ‘रविवारी शर्ट कशाला घालतोस हे तुझ्या आईनं दुसऱ्याच आठवड्यात विचारलं होतं मला.’ म्हणजे चार महिने तेही माझ्यासमोर काही माहिती नसल्याचं दाखवत होते. दोन्हीकडून नाटक, तिकीट कुणालाच परवडत नव्हतं.

त्यामुळे सेलूची_लेक यांचं मूळ म्हणणं मला शंभर टक्के पटतं, त्रास त्या ‘रिझल्ट लागायचाय’चाच आहे. आमच्याकडे तेच इंग्रजीत होतं, एवढाच फरक.

डीएड_२००९

@ठाणे_ते_टेक्सास साहेब तुमचं दुःख खरं आहे पण तुमच्या बापाला डेअरीवर तोंड चुकवायला लागलं नाही. ‘पोरगा अमेरिकेत’ एवढं बोललं की आमच्याकडं पुढचा प्रश्नच येत नाही, तिकडं बसून का असेना.

आणि दुसरं, खरं सांगायचं ठरवलं तरी पुढं काय? २०२२ च्या डिसेंबरमधे सोलापुरात पोरांनी फेटे बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर ऑफिसवर मोर्चा काढला होता, बायका मिळेनात म्हणून. लोक हसले, व्हिडिओ फिरवले. मला त्या घोड्यांमागं त्यांचे बाप दिसत होते. पोरीचा बाप पहिला प्रश्न विचारतो नोकरी काय, दुसरा शेती किती, आणि दुसऱ्याचं उत्तर वीस एकर असलं तरी पहिल्यावर अडतं. अशा ठिकाणी बापानं ‘रिकामाय’ म्हणून खरं सांगायचं म्हणजे पोराच्या लग्नावर स्वतःच्या हातानं पाणी सोडायचं. ते खोटं बोलतात ते लाजेनं नाही फक्त, व्यवहारानं पण बोलतात.

दुसरी_मुलगी

आणि पोरीचा बाप तो प्रश्न का विचारतो, तर त्यालाही पहाटे तीनला जाग येते. मला लग्नाला नकार द्यायची सवय आहे म्हणून सांगते, माझे बाबा प्रत्येक नकारानंतर दोन दिवस पेपर उलटा धरल्यासारखे बसतात.

खवचट_काकू

सगळ्यांनाच तीनला जाग येते तर त्या वेळेला डेअरी का उघडत नाहीत हा खरा प्रश्न आहे.

निवृत्त_शाखाधिकारी

मी आधी जरा तोडून बोललो. एक गोष्ट लिहिली नव्हती. मुलाचे पैसे बंद केले ते खरं, तो कामाला लागला तेही खरं. पण त्यानंतर सव्वा वर्ष तो माझ्याशी बोलला नाही. एका घरात. मीठ पाहिजे असेल तर आईला सांगायचा, ‘बाबांना मीठ द्यायला सांग.’ आता बोलतो. पण ‘बाबा’ म्हणत नाही, काही न म्हणता सुरू करतो. सल्ला मी अजूनही तोच देईन, पण त्याची किंमत लिहायला हवी होती, ३४ वर्षं लोकांना व्याजदर सांगितल्यावर.

कोरा_कागद

काका 🙏

मी मागच्या आठवड्यात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचं बघितलं होतं, पदवीधरला महिना दहा हजार, पण ठरावीक महिने, मग परत बाहेर. म्हणजे आईला परत एक ‘सध्या’ सांगायचं. तरी एका मित्रानं केलं, पंचायत समितीत बसायचा. तो म्हणाला पैशाचं जाऊ दे, सकाळी दहाला डबा घेऊन घरातून बाहेर पडतो हे बघून आईचं निम्मं दुखणं गेलं. पुढं मुदत संपली, तरी आठ दिवस ती डबा भरत होती.

सेलूची_लेक

तीन आठवड्यांनी लिहितेय, काहीजणांनी विचारलं होतं म्हणून.

आईचं आधी. बी१२ खूपच कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत, डॉक्टर तुमचे आभार. १४४१६ मी स्वतः लावून तिच्या कानाला दिला, ती म्हणाली अनोळखी बाईशी काय बोलू, आणि पंचवीस मिनिटं बोलली. काय बोलली सांगत नाही. जाग अजून तीनलाच येते, कधीमधी चारला.

भावाला मी हे सगळं वाचायला पाठवलं. दोन दिवस उत्तर नाही. मग एवढंच, ‘वहीचं मला माहिती होतं.’ कोरा_कागद, तुम्ही म्हणाला तसंच. पंचमीला घरी आला होता, नानांशी काय बोलला माहिती नाही, दोघं गच्चीवर होते. पुढची पूर्व देणार आहे तो, सोडलेलं नाही, पण पुण्यातली खोली सोडतोय, सेलूतच अभ्यासिका बघितलीये आणि संध्याकाळी एका क्लासवर दहावीचं गणित घेणार. मला हे पटलंय असं नाही, गावात राहिला तर नानांना तो प्रश्न रोज दोनदा येईल अशी भीती वाटते. बघू.

नाना परवा सहाला डेअरीवर गेले. आई म्हणाली रात्री आरशासमोर पुटपुटत होते, काय ते कळलं नाही. तिथं एकानं विचारलं, पोरगं आलंय वाटतं, काय चाललंय त्याचं. नाना म्हणाले, ‘रिकामाय. काही नाही लागलं अजून.’ नऊ वर्षांत पहिल्यांदा.

तो माणूस म्हणाला, ‘असं का. म्हशीचं संपलंय नाना, गाईचं चालंल का?’

नाना घरी येऊन हे दोनदा सांगत होते आईला.

खवचट_काकू

मग गाईचं घेतलं का?

सेलूची_लेक

घेतलं. चहा पातळ झाला म्हणून आईनं बोलून घेतलं.